जुना फ्लॅट विकून नवा घेताना: पैसे आणि तारखा कशा जुळवायच्या

राहता फ्लॅट विकून मोठा घ्यायचा म्हटलं की घरात पहिला वाद होतो तो ‘आधी विकायचा की आधी घ्यायचा’ यावर. या वादाचा निकाल एका आकड्यावर लागतो: जुन्या घराचा एक रुपयाही हातात यायच्या आत नव्या घरासाठी तुम्ही किती रक्कम उभी करू शकता? बहुतेक जण हा आकडा काढतच नाहीत. काढतात तो फरकाचा. जुना ९५ लाखांना जाईल, नवा दीड कोटीला पडेल, म्हणजे ५५ लाखांचं कर्ज काढलं की झालं. कागदावर हे सोपं दिसतं आणि टोकन दिल्यानंतर महिन्याभरात गळ्याशी येतं.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. किमती फक्त हिशेबापुरत्या धरल्या आहेत. कोथरूडचा टू बीएचके ९५ लाखांना विकायचाय, त्यावर २२ लाखांचं कर्ज शिल्लक आहे. बाणेरचा रीसेलचा थ्री बीएचके दीड कोटीला ठरतोय. ९५ लाखांतून बँकेचे २२ लाख गेले. खरेदीदाराने कापलेला १ टक्का टीडीएस, म्हणजे ९५ हजार, गेले. ते विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतील, आज हातात नाहीत. एजंटची १ टक्का दलाली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १ लाख १२ हजार गेले. उरले साधारण ७१ लाख.

आता नव्या घराची बाजू. किंमत दीड कोटी. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसकट ७ टक्के, म्हणजे साडेदहा लाख (ठाणे, नागपुरातही ७, मुंबईत ६). नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली जीएसटीसह पावणेदोन लाखांच्या वर. एकूण १ कोटी साडेबासष्ट लाख. म्हणजे कर्ज लागणार ९२ लाखांच्या आसपास, ५५ नव्हे. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता जवळजवळ ८० हजार होतो. फर्निचर, रंग, टेम्पो यात अजून धरलेलेच नाहीत.

खरी मेख पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. १० लाखांच्या आतलं घर सोडलं तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. दीड कोटीच्या घरावर बँक जास्तीत जास्त १ कोटी साडेबारा लाख देईल. उरलेले साडेसदतीस लाख आणि शुल्क-दलालीचे साडेबारा लाख, मिळून ५० लाख तुम्ही स्वतः उभे करायचे. शिवाय बँक आधी तुमचा वाटा भरल्याची पावती मागते, मगच स्वतःचा चेक काढते. हे ५० लाख जुन्या घरातून येणार असतील आणि जुनं घर विकलं गेलेलं नसेल, तर नवा व्यवहार तिथेच अडतो.

म्हणून दोन घरं बघायला निघण्याआधी बँकेत जाऊन विचारा: जुनं कर्ज चालू असताना माझ्या पगारावर किती मंजूर होईल? बँका सहसा सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ५० ते ६० टक्क्यांच्या आत ठेवतात. जुना २५ हजारांचा हप्ता आणि नवा ८० हजारांचा, असे मिळून १ लाख ५ हजारांचे हप्ते काही महिने एकत्र चालणार असतील, तर दोन लाखांहून कमी पगारावर मंजुरी मिळणं कठीण. ‘जुनं बंद करणार आहे’ एवढं सांगून भागत नाही. जुन्या फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा दाखवला की मात्र बँकेचा सूर बदलतो.

तीन वाटा

पहिली वाट: विकून टाका, पैसे खात्यात घ्या, मधल्या काळात भाड्याने राहा. सगळ्यात सुरक्षित, सगळ्यात कटकटीची. दोनदा सामान हलवायचं, डिपॉझिट अडकवायचं, मुलांची शाळेची बस बदलायची. पण नव्या घराच्या मालकासमोर तुम्ही पैसे हातात घेऊन बसता, आणि भावात घासाघीस करायला त्यापेक्षा मोठं हत्यार नाही. वाचलेले चार-पाच लाख सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा सहसा जास्तच असतात.

दुसरी वाट: जुन्या घराचा सौदा आधी पक्का करा, पण ताबा उशिरा द्यायचं ठरवा. खरेदीदाराची नोंदणी होऊन पैसे येतात, तुम्ही दोन-तीन महिने तिथेच राहता आणि त्या काळात नव्या घराची नोंदणी उरकता. नोकरदार कुटुंबासाठी आम्हाला हीच वाट पसंत आहे. मात्र तोंडी ‘राहा हो दोन महिने’ यावर जाऊ नका. पूर्ण पैसे मिळाल्यावर त्या घरात राहायचं असेल तर खरेदीदारासोबत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, करून तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि त्याचं मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे किरकोळच. भाडं किती, कोणत्या तारखेला घर रिकामं, उशीर झाला तर दर दिवसाला किती, हे त्यात लिहा. खरेदीदारालाही धास्ती असते की पैसे घेऊन हे हललेच नाहीत तर काय. ती धास्ती घालवायला शेवटचे एक-दोन लाख ताब्याच्या दिवशी घेण्याचं कबूल करा. समोरचा पटकन तयार होतो.

तिसरी वाट: आधी घ्या, मग विका. यासाठी काही बँका ब्रिज लोन, म्हणजे जुनं घर विकलं जाईपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, देतात, सहसा दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचं आणि नेहमीच्या गृहकर्जापेक्षा चढ्या व्याजाचं. मनासारखं घर एकदाच चालून येतं, हे खरं. पण ब्रिज लोनची मुदत जवळ आली की तुमच्या जुन्या फ्लॅटच्या खरेदीदाराला त्याचा वास लागतो. एजंटच सांगतात, ‘मालकाला घाई आहे.’ मग ९५ चे ८८ होतात. ही वाट त्यांनीच धरावी ज्यांच्याकडे मुदत ठेवी, सोनं किंवा प्रॉव्हिडंट फंड यांतून ते ५० लाख उभे राहू शकतात आणि जुना फ्लॅट वर्षभर पडून राहिला तरी झोप उडत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घेत असाल तर गणित सैल होतं. पैसे टप्प्याटप्प्याने जातात. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासक १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातच आहे. जुनं घर शेवटच्या दोन स्लॅबच्या सुमारास बाजारात आणता येतं. पण किमतीवर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का), तो रीसेलला किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला लागत नाही. आणि ताब्याची तारीख पुढे गेली की तुमच्या जुन्या घराच्या ताब्याची तारीखही हलते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेल्या तारखा दिसतात. विक्रीची जाहिरात टाकण्याआधी त्या बघा.

विकण्याची फाइल आधी

व्यवहार लांबण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे विकणाऱ्याची अर्धवट फाइल. खरेदीदाराच्या बँकेचा वकील तुमच्या आधीच्या सगळ्या मालकांचे करारनामे मागतो: बिल्डरकडून पहिल्याने घेतलेला, त्याच्याकडून दुसऱ्याने, मग तुमचा. प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश. त्यातला मधलाच एखादा मूळ करारनामा हरवलेला असतो. तसं असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, एवढं करावं लागतं. यात महिना सहज जातो आणि हे काम खरेदीदार मिळण्याआधीच करून ठेवता येतं.

तुमची कागदपत्रं बँकेत गहाण असतील तर बँकेकडून एलओडी, म्हणजे त्यांच्याकडे जमा असलेल्या कागदांची यादी, मागून घ्या. ती मिळायला काही बँकांत दोन दिवस लागतात, काहींत दोन आठवडे. यादी आल्यावर ती नीट वाचा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा जुना करारनामा तिच्यात नसेल तर तो घरात शोधायला आत्ताच लागा.

मग ओसी. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतल्या फ्लॅटला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे तुमचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक तिथेच गळतात. बंद केलेली बाल्कनी, टेरेसवर टाकलेली शेड, दोन खोल्यांमधली काढलेली भिंत हे बँकेच्या तांत्रिक मूल्यांकनात मंजूर नकाशाशी ताडून बघतात. पार्किंगचंही तेच. ‘आमची गाडी वीस वर्षं इथंच लागते’ हा पुरावा नसतो. करारनाम्यात उल्लेख किंवा सोसायटीचं वाटपपत्र लागतं. जाहिरातीत पार्किंग लिहिण्याआधी ते कागद हातात घ्या.

करारनाम्यात नाव असलेली व्यक्ती हयात नसेल तर सगळं थांबवून आधी ते सोडवा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली असं होत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याशिवाय बँका सहसा त्या फ्लॅटवर कर्ज देत नाहीत. अमेरिकेतल्या बहिणीची सही हवी असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येणार, मग इथे त्याचं मुद्रांकन होणार. दीड-दोन महिने धरून चाला.

सोसायटीबद्दल थोडं. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही, पण खरेदीदाराची बँक ती मागतेच आणि बऱ्याचदा स्वतःच्याच मसुद्यात मागते. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल तर अर्ज आधी देऊन ठेवा. थकबाकी नसल्याचा दाखलाही त्याच वेळी मागा. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. शिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने’ लाखभर मागणाऱ्या कमिट्या आजही आहेत. ती मागणी लेखी द्या म्हणावं. सहसा लेखी येत नाही. हा प्रीमियम कोणी भरायचा, विकणाऱ्याने, घेणाऱ्याने की निम्मा-निम्मा, हे टोकनच्या वेळीच ठरवा. दीड कोटीच्या व्यवहारात साडेबारा हजारांवरून तोंडं वाकडी होतात.

गिऱ्हाईक पारखणं

तुम्ही पुढे घर घेणार आहात, म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात जास्त भाव देणारा गिऱ्हाईक सर्वोत्तम असेलच असं नाही. वेळेवर पैसे देणारा महत्त्वाचा. तीन प्रश्न स्पष्ट विचारा. स्वतःचे किती आणि कर्जाचे किती? कर्जाची मंजुरी आली आहे का? तुमचंही घर विकून येणार आहात का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याचा गिऱ्हाईक अडकला की तो अडकतो, तो अडकला की तुम्ही, आणि तुमच्यामागे बाणेरचा मालक.

दाखवलेलं मंजुरीपत्र नीट वाचा. पगार बघून दिलेली मंजुरी ही अर्धी मंजुरी असते. त्यात ‘मालमत्तेची कायदेशीर व तांत्रिक छाननी समाधानकारक झाल्यास’ असं एक वाक्य असतंच. त्या छाननीत फ्लॅटची किंमत कमी निघाली तर कर्जही कमी होतं आणि फरक त्याला खिशातून घालावा लागतो. म्हणून तुमच्याच बँकेकडून किंवा ज्या बँकेने तुमच्या इमारतीत आधी कर्ज दिली आहेत तिच्याकडून कर्ज घ्या, असं गिऱ्हाइकाला सुचवा. इमारतीची फाइल तिथे आधीच झालेली असते.

रोखीचं काय? ‘वरचे पंधरा लाख रोख’ असं म्हणणारा अजून भेटतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसतो. शिवाय नवा मालक तुमच्याकडून पूर्ण चेक मागेल तेव्हा त्या रोखीचं करणार काय?

पैसा कसा फिरतो

तुमच्यावर २२ लाखांचं कर्ज असताना व्यवहार साधारण असा होतो. आधी टोकन आणि समजुतीचा करार. मग नोंदणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी खरेदीदार स्वतःचा वाटा देतो, समजा २० लाख. करारनामा नोंदवला जातो. त्यानंतर त्याची बँक दोन चेक काढते: एक तुमच्या बँकेच्या नावे, तुमच्या कर्जखात्याचा क्रमांक घालून; दुसरा उरलेल्या रकमेचा तुमच्या नावे. तुमची बँक कर्ज बंद करून मूळ कागद देते, ते खरेदीदाराच्या बँकेत जातात.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो. फोरक्लोजर पत्रातली, म्हणजे कर्ज आज पूर्ण फेडायला किती लागेल हे सांगणाऱ्या बँकेच्या पत्रातली, रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतच खरी असते, कारण व्याज रोज चढतं. चेक दहा दिवस उशिरा निघाला की काही हजार कमी पडतात आणि खातं बंदच होत नाही. पत्र दैनंदिन व्याजाच्या उल्लेखासह घ्या आणि फरक भरायला थोडी रक्कम खात्यात ठेवा. दुसरं, कागद परत यायला लागणारा वेळ. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे आणि बोजाची नोंद काढायची, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. नियम चांगला आहे, पण कागद मध्यवर्ती गोदामात असतील तर तुम्ही ते ३० दिवस धरूनच तारखा लिहा. सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीतून बोजा उतरला का तेही विचारा. तिसरं, काही खरेदीदारांच्या बँका दुसरा चेक तुमचे कागद हातात आल्यावरच सोडतात. म्हणजे तुमच्या वाट्याचे ५०-५२ लाख आणखी तीन-चार आठवडे लांब. हे आधी विचारलं नसेल तर नव्या घराची तारीख हमखास चुकते. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीपूर्वी फेडीचा दंड नसतो, त्यामुळे जमत असेल तर खरेदीदाराच्या स्वतःच्या वाट्यातूनच तुमचं कर्ज आधी फेडून टाका. कागद मोकळे झाले की पुढचं सगळं वेगाने होतं.

यावरून तारखांचा नियम निघतो. नव्या घराच्या मालकाला शेवटची रक्कम द्यायची तारीख ही तुमच्या खात्यात शेवटची रक्कम यायच्या अपेक्षित तारखेनंतर किमान ३० दिवसांनी ठेवा. विक्रीचा सौदा टोकनपासून शेवटच्या चेकपर्यंत सहसा ६० ते ९० दिवसांत संपवता येतो, तेव्हा खरेदीच्या समजुतीच्या करारात १२० दिवस मागा. मालक कुरकुर करेल. मग टोकन थोडं जास्त द्या किंवा भावात थोडं वर जा, पण दिवस सोडू नका. टोकन देताना पावतीवर दोन ओळी हव्यातच: कायदेशीर छाननीत दोष निघाला किंवा मालमत्तेच्या कारणाने बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन पूर्ण परत. ‘माझं घर विकलं गेलं नाही तर टोकन परत’ ही अट फार थोडे मालक मान्य करतात, पण मागायला काय जातं.

आणि दोन्ही नोंदण्या एकाच दिवशी, सकाळी विक्री आणि दुपारी खरेदी, हा मोह टाळा. सकाळच्या व्यवहारातला मोठा पैसा नोंदणीनंतर कित्येक दिवसांनी येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नको: १ एप्रिलला रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले मालमत्तेचे, दर बदलू शकतात म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात तोबा गर्दी असते, सर्व्हर रांगतो आणि परगावहून आलेले साक्षीदार परत जातात. उलट पितृपंधरवड्यात टोकन द्यायला कोणी तयार नसतं, पण तेव्हा घरं निवांत दाखवतात आणि मालकही ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. बघून, बोलून ठेवा. टोकन घटस्थापनेला द्या.

टीडीएस आणि कर

किंमत किंवा रेडीरेकनरचं मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून, कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. तुम्ही या खेळात दोन्ही बाजूंना आहात: विकताना तुमचा कापला जाईल, घेताना तुम्ही मालकाचा कापाल. हप्त्याहप्त्याने पैसे दिले तर हप्त्याहप्त्याला कापायचा. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, म्हणजे चार फॉर्म. समोरच्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय असेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात. दीड कोटीवर हा फरक साडेअठ्ठावीस लाखांचा आहे. टोकनच्या दिवशीच पॅन तपासा. मालक अनिवासी भारतीय असेल तर हे १ टक्क्याचं कलमच लागू होत नाही; दर कितीतरी जास्त असतो आणि आयकर खात्याचं कमी दराचं प्रमाणपत्र त्याने आणलं नाही तर तो पूर्ण किमतीवर कापावा लागतो. असा व्यवहार सीएशिवाय करू नका.

भांडवली नफ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे तारीख चुकली तर लाखांत जाते. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा फायदा न देता. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असा हिशेब करून कमी कर निघेल तो भरता येतो. वरचा कोथरूडचा फ्लॅट २०१०-११ मध्ये ३८ लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ९५ लाखांना विकला असं धरा. नव्या पद्धतीने नफा ५७ लाख, कर ७ लाख साडेबारा हजार. जुन्या पद्धतीने निर्देशांक १६७ वरून ३७६, खरेदीची किंमत साडेपंच्याऐंशी लाख झाली, नफा साडेनऊ लाखांच्या आत, कर १ लाख ९० हजारांच्या आसपास. दोन्हीवर उपकर वेगळा. घेतानाचं मुद्रांक शुल्क, पावत्या असलेली सुधारणा आणि विकतानाची दलाली यांनी नफा आणखी कमी होतो. त्या पावत्या जपा.

नवं घर घेतल्यास हा कर माफ होऊ शकतो. जुन्या कायद्यात हे कलम ५४ होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मुदती अशा: विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घर विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करायचं. गुंतवायचा तो नफा, विक्रीची सगळी रक्कम नव्हे. आता ‘आधी घ्या, मग विका’वाल्यांनी नीट वाचा. नवं घर घेतल्यापासून एका वर्षात जुनं विकलं गेलं नाही, तर सूट हातची जाते. भाव पडला म्हणून थांबलेले लोक हे विसरतात.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, नोकरदारांना सहसा ३१ जुलै, नफ्याची रक्कम नव्या घरात गेली नसेल तर ती कॅपिटल गेन्स खात्यात टाकावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम चालत नाही. हे खातं ठरावीक बँकांच्या बिगर-ग्रामीण शाखांतच उघडतं, कॅशियरला माहीत नसतं, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात धावपळ नको. काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठीच वापरावी लागते. नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर दिलेली सूट परत घेतात.

एक गाठ खास महाराष्ट्रातली. फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतीचं नाव जोडलं की ती जाते. दीड कोटीवर दीड लाख वाचतात, म्हणून बरेच जण नवं घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतात. पण जुनं घर पतीच्या नावावर असेल तर नफा पतीचा, गुंतवणूक पत्नीच्या नावावर, आणि सूट मिळते की नाही यावर आयकर खात्याशी वाद. आधी कराचा आकडा काढा, मग नावं ठरवा. जुनं घर ताबा घेतल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकत असाल तर मुद्दल आणि मुद्रांक शुल्कावर घेतलेल्या ८०सीच्या वजावटी उत्पन्नात परत मिळवल्या जातात, हेही सीएला आठवण करून द्या. विक्रीचा भाव रेडीरेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कर रेडीरेकनरच्या मूल्यावर लागतो.

ताब्याच्या दिवशी

किल्ल्या देण्याआधी खात्यात रक्कम जमा झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराच्या, क्रमांकाचा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पुरेसा नाही. ताबापत्र दोन प्रतींत करा. त्यावर महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गॅसच्या मीटरचं रीडिंग, पंखे, गीझर, मॉड्युलर किचन काय काय ठेवलं आणि किल्ल्या किती दिल्या ते लिहा. मिळकतकर आणि मेंटेनन्स कोणत्या तारखेपर्यंत कोणाचा तेही त्यातच. पाइप गॅसची अनामत तुमच्या नावावर असते, ती परत घ्यायची की खरेदीदाराकडून वसूल करायची ते ठरवा. सोसायटीतला सिंकिंग फंड परत मिळत नाही, तो फ्लॅटबरोबर जातो.

नव्या घरी पोहोचल्यावर नावं लावायची कामं राहतात: शेअर सर्टिफिकेट, वीजजोडणी, मिळकतकर. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ती बंद झालेली असते आणि पीटी-३ अर्ज भरल्याशिवाय सुरू होत नाही. सोबत स्वतः राहत असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा सोसायटीकडून रहिवासाचं पत्र नावनोंदणीच्या वेळीच मागून ठेवा.